बोटीत मधोमध बसावं

थंडी पडायला लागली आणि शेतांत कापूस फुटून पांढरा दिसू लागला, की माझा हात आपोआप छातीशी जातो. गळ्यातला दोरा आहे ना, इष्टलिंगाची डबी जागेवर आहे ना, हे मी चाचपून बघते. दिवसातून किती वेळा, ते विचारू नका. सून म्हणते, "आत्याबाई, आहे हो ते, कुठं जातंय?" तिचंही बरोबरच आहे. परभणीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, दार लावून बसलेल्या बाईच्या गळ्यातून ते जाणार कुठं? पण मला हे कळून उपयोग होत नाही. मार्गशीर्ष लागला की काळजी येते, आणि संक्रांत झाली की जाते. आम्ही बोटीवर चढलो ते याच दिवसांत.

परवा नात आली होती. नवऱ्याबरोबर मुंबईहून बोटीने फिरायला निघाली आहे. क्रूझ म्हणतात म्हणे तिला. त्या बोटीवर पोहायचा हौदसुद्धा असतो. पाण्यावर जाऊन पुन्हा पाणी कशाला, असं मला वाटलं, पण बोलले नाही. ती हळूच म्हणाली, "आज्जी, मला बोट लागली तर काय करू गं? मला तर गाडीसुद्धा लागते." सगळे हसले. परभणीच्या म्हातारीला समुद्राचं काय विचारतेस, असं त्यांना वाटलं असणार. मी मात्र पदर खोचला आणि सरसावून बसले. सांगण्यासारखं माझ्याकडे इतकं होतं की तिचा चहा निवून गेला.

त्या काळी आम्ही बोरीत राहायचो. अप्पांचं किराणा दुकान होतं. वर निजामाचं राज्य, खाली तूरडाळ आणि गूळ, असं आमचं चालायचं. मोठी लढाई संपून वर्षभर झालं असेल. मी तेव्हा अकराएक वर्षांची. त्याआधी कितीतरी वर्षं, अगदी लहान असताना, मला मुदतीचा ताप आला होता आणि जगते की जाते असं झालं होतं. तेव्हा मायने नवस बोलला, पोर उठली तर सोमनाथाला जाईन. औंढ्याचा नागनाथ जवळ, परळीचा वैजनाथ जवळ, पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून लांबचाच देव निघतो. पोर उठली. मग लढाई आली, नवस राहिला, आणि माय दर वर्षी मला शिंक आली तरी दचकायची. शेवटी अप्पांनी ठरवलं. मनमाडवरून मुंबई, आणि मुंबईहून बोटीने वेरावळ. रेल्वेने जायचं तर फार गाड्या बदलाव्या लागतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

बोट हा शब्द घरात आला आणि त्याच्यामागोमाग भीती आली. बुडायची भीती होतीच. चावडीवर बसणारी माणसं अप्पांना ऐकवायची की लढाईतले सुरुंग अजून पाण्यात सुटे फिरतात. पण मायची भीती निराळी होती. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग अंगावेगळं करायचं नाही, आणि त्याची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. बोट हलणार, माय कठड्यावरून ओकायला वाकणार, आणि दोरा तुटून लिंग समुद्रात गेलं तर? हा प्रश्न माझ्या मोठ्या काकूने काढला. काकू घरात सगळ्यांत मोठी आणि प्रश्न काढण्यात पटाईत.

"लिंग गेलं की माणूस गेलं," काकू म्हणाली. "मग त्या तोंडानं घरी येता येत न्हाई. जुनी बाई असती तर मागनं उडीच टाकली असती."

आमच्या घरी येणाऱ्या स्वामींनी सांगितलं, असं काही नसतं, देव करो नि न होवो, गेलंच तर दुसरं देऊ. मायने त्यांच्यापुढे मान डोलावली, आणि विश्वास ठेवला काकूवर. चांगली बातमी देणाऱ्यापेक्षा वाईट सांगणारा खरा वाटतो, हा तिचा स्वभावच होता, आणि तो जसाच्या तसा माझ्याकडे आला आहे. मी त्या दिवसांत रोज एकच विचार करायची. नवस माझ्यासाठीचा. म्हणजे लिंग गेलं तर माय जाणार, आणि माय जाणार ती माझ्यामुळे. हुरड्याचे दिवस होते, सगळा गाव शेतात जाऊन कणसं भाजत होता. मी माझ्या वाट्याचा हुरडा चिमण्यांना टाकत होते.

बोरीत समुद्रावर जाऊन आलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे हज्जनबी. ती बांगड्या भरायची. पुढे वारलेल्या नवऱ्याबरोबर मक्केला जाऊन आली होती, तेव्हापासून तिचं मूळ नाव गावाने टाकून दिलं होतं. मायने तिला संक्रांतीच्या आधीच, बांगड्यांचं निमित्त करून बोलावून घेतलं. ओसरीवर टोपली उतरवून ती बसली आणि मायचा हात हातात घेऊन, दाबून दाबून मऊ करता करता बोलू लागली. पुढे पंधरवडाभर ती रोज यायची. बांगडी एकही चढत नव्हती, नुसतंच बोलणं चालायचं.

"हे बघ बाई, बोटीत मधोमध बसायचं," हज्जनबी सांगायची. "टोकाला लय हलतंय. इंजनाजवळ नक्को, तिथं तेलाचा वास मारतो. मधोमध चटई टाकायची आन उठायचं न्हाई. कठड्याकडं तर जायाचंच न्हाई."

"आन उलटी आली तर?" माय विचारायची.

"डबडं ठेव संगं. उपाशी बसू नको, पोट भरूनबी खाऊ नको. कोरडं खायाचं. आलं चघळ. अन् ऐक, चटई टाकायच्या आधी शेजारणीला विचारायचं, बाई, टाकू का? तिचं गाव विचारायचं. कायबी मागायच्या आधी तिला कायतरी द्यायचं. पानी प्यायच्या पिपात हात घालायचा न्हाई. खलाशी पळाया लागले की पाय आखडून घ्यायचे, त्येंच्या दोरांना शिवायचं न्हाई."

द्यायचं म्हटल्यावर माय चुळबुळली. आमच्याकडे शिवाशिवीचं फार. परक्या बाईला खायला द्यावं, तर उद्या तिचंही घ्यावं लागेल. हज्जनबीला ते न सांगता कळलं. दुसऱ्या दिवशी तिने हिरव्या बांगड्यांच्या माळाच आणल्या. "ह्या दे," म्हणाली. "काचेला कसला विटाळ?"

बोटीवर एक शब्द उच्चारायचा नाही, असंही तिने बजावलं होतं. तो शब्द म्हणजे बुडणं. झालं, आमच्या घरात तो त्याच दिवशी बंद झाला. काकूने घागर विहिरीत सोडताना तोंड मिटून घेतलं. दुकानात एक गिऱ्हाईक कपाशीच्या भावावर बोलता बोलता बुडालो बुडालो करू लागलं, तर अप्पांनी त्याला गुळाचा खडा देऊन गप्प केलं. मी चहात भाकरीचा तुकडा सोडला आणि मायने माझ्याकडे असं पाहिलं की तो तुकडा मी बोटं भाजून बाहेर काढला.

मग सराव झाला. चारठाण्याला जायचा रस्ता इतका खराब होता की त्याच्यावरून गाडीत बसणं म्हणजे बोटीत बसणंच, असं हज्जनबीचं मत पडलं. मायला जेवू घालून, उलट्या तोंडाने गाडीत बसवलं. मी तिच्या मांडीशी आणि अप्पा पुढे. काकू दारात हात जोडून उभी, जणू आम्ही तिथूनच समुद्रात निघालो होतो. बैलांना मुद्दाम दगडांवरून, ओढ्याच्या चढ-उतारावरून नेलं. मायने सारा वेळ एका हाताने गाडीचा खुंट धरला आणि दुसरा छातीवर ठेवला. तिला काहीच झालं नाही. चारठाण्याची जुनी देवळं दिसायला लागली तेव्हा अप्पांनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरले आणि बाभळीमागे जाऊन ओकून आले.

त्या पंधरवड्यात मी हज्जनबीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची. समुद्राचा रंग कसला असतो?

"पान्याच्या रंगाचा," ती म्हणायची.

"म्हंजे निळा का हिरवा?"

"पानी म्हटल्यावर पान्याचाच रंग असंल की. तू मधी मधी बोलू नको. हां, तर बाई, उतरताना लहान नाव येती. लाट नावेला वर उचलंल, तवा पाय टाकायचा. खाली असताना टाकायचा न्हाई." आणि ती पुन्हा मायकडे वळायची. मला राग यायचा. इतकं सगळं आठवतं, आणि एवढंच कसं आठवत नाही?

काकूने लिंगाचा बंदोबस्त शेवटी स्वतःच्या हाताने केला. मायच्या चोळीला आतून, छातीवर, जाड कापडाचा खिसा शिवला. मुंबईत धर्मशाळेत सकाळची पूजा झाली की डबी दोऱ्यासकट त्या खिशात घालायची आणि खिशाचं तोंड गोण शिवतात तसं शिवून टाकायचं. बोट दुसऱ्या दिवशी सकाळी वेरावळला लागणार होती. किनाऱ्यावर पाय टेकला की उसवायचं, पूजा करायची, मग जेवायचं. मधे एका रात्रीचाच तर प्रश्न. त्यासाठी मेण लावलेला दोरा आणि मोठी सुई तिने पुरचुंडीत बांधून दिली. सगळ्यांना ही युक्ती फार पसंत पडली. हज्जनबीसुद्धा म्हणाली, "आता दर्याचा बाप आला तरी काढंल का?" आम्ही निघालो तेव्हा माय काकूच्या पाया पडली, आणि उठताना तिने माझा हात इतका घट्ट धरला की माझी जुनी बांगडी पिचली.

परभणीपर्यंतची गाडी, स्टेशन, मनमाड, निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर आमची गाठोडी उलटीपालटी करणारी माणसं, मुंबईची धर्मशाळा, हे सगळं मला धुरकट आठवतं. धक्क्यावर माणसंच माणसं होती. समुद्र म्हणून मला दिसली ती बोट आणि फरशी यांच्या फटीतली काळीहिरवी चीर. मायने तीही पाहिली नाही. ती फळीवरून चढली ती खाली मान घालून, एका हातात मी आणि दुसरा हात छातीवर.

तिने सगळं हज्जनबीने सांगितलं तसंच केलं. मधोमध जागा शोधली. शेजारच्या बायका काठेवाडकडच्या होत्या, आपापल्या गावी निघालेल्या. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना. मायने चटईची गुंडाळी दाखवून, मानेनेच विचारलं. त्यातली एक थोराड बाई सरकली. मग मायने हिरव्या बांगड्या काढल्या आणि एकेकीचा हात धरून भरू लागली. हज्जनबीसारखंच दाबून, हळूहळू. "बेन, बेन," करत त्या हसू लागल्या. बोट सुटल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसरा दिवस उजाडला तेव्हा किनारा दिसायला लागला होता, पण वारा सुटला होता. वेरावळला बोट धक्क्याला लागत नाही, लहान नावा येऊन माणसं उतरवतात, आणि त्या नावा काही येईनात. लाटा मोठ्या आहेत, वारा पडल्याशिवाय उतरणं नाही, असं एका खलाशाने सांगितलं. कधी पडेल? त्याने आभाळाकडे बोट केलं. सूर्य वर आला. माझ्या आणि बाकीच्यांच्या खाण्याची सोय होती. मायने आदल्या संध्याकाळपासून काही घेतलं नव्हतं. पूजा नाही तर पाणी नाही, आणि पूजेचं लिंग गोणीसारखं शिवलेलं. सुई कुठे गेली ती सापडेना. सापडली असती तरी तो मेणाचा दोरा सुईने सुटणारा नव्हता.

मायचे ओठ पांढरे पडले होते. दर हेलकाव्याला तिचे डोळे फिरायचे. अप्पा पुरुषांच्या बाजूने एका खलाशाचा चाकू मागून घेऊन आले. त्यांचा स्वतःचाच तोल जात होता आणि हातात ते पातं. माय मागे सरकली.

"लोखंड लावू नका," ती म्हणाली. "गळ्यातला दोरा कापला तर? हातातनं निसटून घरंगळत गेलं तर?"

"मग काय करतीस? पाणी तरी पी."

"न्हाई."

"स्वामी म्हणले हुते, अडचणीला चालतं म्हणून."

"न्हाई म्हणलं ना." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला काय झालं तर पोरीला काकूपाशी द्या."

ते मी ऐकलं. काकूने सांगितलं ते असं खरं होणार होतं तर. लिंग छातीवर सुखरूप होतं, आणि माय त्याच्याच पायी चालली होती. मी काय करतेय हे मला कळायच्या आत मी तिच्या कुशीत तोंड घातलं, पदराच्या आत, आणि दातांनी दोरा धरला. मेणाची चव, घामाची चव, विभूतीची चव. काकूने शिकवलेला टाका फार पक्का होता. त्या थोराड बाईने काय चाललंय ते पाहिलं. ती काहीतरी मोठ्याने बोलली, आणि बायका उठून आमच्याभोवती येऊन बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून, मधे फट न ठेवता. अप्पा बाहेर राहिले. कोणी आपली ओढणी खाली अंथरली. बोट हलायची तशा त्या सगळ्या मिळून हलायच्या, पण फट पडू द्यायच्या नाहीत. मी टाके तोडत होते आणि मला दिसत होते ते त्यांचे हात, सगळ्यांच्या मनगटांत बोरीच्या हिरव्या बांगड्या. शेवटचा टाका तुटला तेव्हा माझ्या हिरडीतून रक्त आलं होतं.

मायने डबी काढली, उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. उजव्या हाताचा आडोसा केला. डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं आणि ती ते पुसत नव्हती. मला वाटलं, आता बरं आहे, आता हिला काही होत नाही. मनावरचं एवढं मोठं ओझं असं एकदम उतरलं की पाय आपोआप चालायला लागले. त्या गुडघ्यांवरून मी बाहेर आले आणि जिथे जायचं नाही म्हणून बजावलं होतं, तिथे, कठड्याशी जाऊन उभी राहिले.

वारा दुपारी पडला. लाटेने नाव वर उचलली तेव्हा आम्ही पाय टाकला. मायने नावेत तोंडावर पदर घेतला होता. सोमनाथाचं जुनं देऊळ तेव्हा पडलेलं होतं. शेजारच्या लहान देवळात दर्शन झालं, नवस फिटला. मागे समुद्र आहे, चला बघू, असं अप्पा म्हणाले, तर माय पाठ करून उभी राहिली. "झालं दर्शन," म्हणाली. "आता मला त्येचं तोंड दाखवू नका." परत आम्ही रेल्वेनेच आलो, सगळ्या गाड्या बदलत.

नातीला मी हज्जनबीचं सगळं सांगितलं. मधोमध बस, आलं ठेव, शेजारणीला आधी विचार, आधी दे, मग माग. खलाशांच्या वाटेत पाय पसरू नको. एक तेवढी गोष्ट मात्र उलटी सांगितली. कठड्याशी जा म्हटलं. पहिल्या दिवशीच जा, आणि दोन्ही हात मोकळे ठेवून उभी राहा. ती म्हणाली, "आणि भीती वाटली तर?" वाटेलच, म्हटलं. मलाही वाटली होती. तिला नवल वाटलं, कारण मी सगळ्यांना सगळीकडे जपून जा म्हणणारी बाई. पण याला कारण आहे ते त्या संक्रांतीचं.

आम्ही परतलो आणि दोन दिवसांत संक्रांत आली. प्रवासात पिचून मायच्या हातांत एकेकच बांगडी उरली होती, हात ओकेबोके दिसत होते. हज्जनबी टोपली घेऊन आली ती अंगणातूनच बोलत आली. ओसरीवर बसली, मायचा हात ओढून मांडीवर घेतला. मी कधी तिला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. आता गावात समुद्रावर जाऊन आलेल्या दोघी झाल्या होत्या.

"हां, मग? सांग," ती म्हणाली. "दर्या कसा हुता?"

मायने पदर सारखा केला.

"अगं, दिसला कसा? मोठा हुता?"

"मी मधीच बसले हुते ओ," माय म्हणाली. "तुमी सांगितलं तसं."

"आन मग पाह्यलाच न्हाईस?"

"न्हाई."

हज्जनबीच्या हातातली बांगडी मायच्या बोटांच्या पेरांवरच अडली. मग ती म्हणाली, "मीबी न्हाई गं. जाताना खालच्या मजल्यात हुते, बुरख्यात. येताना मक्केच्या जमजमच्या पान्याचं डबडं छातीशी धरलेलं. उठले तर सांडंल, म्हणून उठलेच न्हाई."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पहिल्यांदा कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. हसता हसता बांगडी फुटली, मायच्या हाताला काच लागली, आणि तरी दोघी थांबेनात. काकू आतून विचारत होती काय झालं म्हणून. मग हज्जनबीने ओढणीने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"तू पाह्यलास?"

मी मायकडे पाहिलं. कठड्याशी गेल्याचं तिला माहीत नव्हतं. पण आता लपवता येत नव्हतं.

"हौ," मी म्हणाले. "पाणीच पाणी हुतं. हिरवं, आन लांब गेलं की निळं. त्याला दुसरा काठच नव्हता. काठ न्हाई तर ते सांडत कसं न्हाई, असं मला वाटलं. मी लय येळ बघत हुते, आता सांडंल, आता सांडंल म्हणून."

"मग?" हज्जनबी म्हणाली.

"न्हाई सांडलं."

माय रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. छातीवरचा हात तिने खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि माझ्याजवळ सरकली.

"अजून सांग," ती म्हणाली.